कयाकवर कॅमेरा: आधी जागा, मग माउंट (कॅमेरा धरणारी बैठक)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा फुटांची, एका माणसाची, सिट-ऑन-टॉप (आत न शिरता वरच बसायची) प्लास्टिकची कयाक तुम्ही घेतली आहे. मुळशीच्या पाण्यात सराव चालू आहे आणि दिवाळीनंतर ती तारकर्ली-देवबागला आणायची आहे. पुढच्या बाजूला सक्शन कपाने लावलेला ॲक्शन कॅमेरा दोनदा सुटला. दुसऱ्या वेळी तो पायाशी पडला म्हणून वाचला. नव्या बोटीला भोक पाडायला जीव होत नाही, म्हणून बाजारातली सर्वांत मजबूत चिकटपट्टी कोणती ते तुम्हाला हवे आहे. शिवाय जे चित्रित झाले त्यात पाण्याचे थेंब, कयाकचे टोक आणि सपाट पाणी एवढेच दिसते, ही दुसरी तक्रार.

मी चौदा वर्षे कर्ली खाडीत आणि ती समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमाजवळ लोकांना कयाकवर नेतो. त्यांतली दहा-अकरा वर्षे बोटींवर कॅमेरे लावतो आहे, पाहुण्यांसाठी आणि नवशिक्यांचे वल्हवणे तपासण्यासाठीही. त्या अनुभवावरून सांगतो, कितीही महाग चिकटपट्टी आणली तरी तुमच्या बोटीवर तिचा भरवसा धरता येणार नाही. आणि समजा ती टिकली, तरी तुमचा खरा प्रश्न तसाच राहील. खरा प्रश्न असा: कयाक पालथी झाली तर कॅमेरा कुठे असेल, आणि तुम्ही पुन्हा वर चढताना तो तुमच्या आड येईल का?

यातले बरेच काही परिस्थितीवर ठरते. मुळशीसारख्या धरणाच्या शांत पाण्यात, किनाऱ्यालगत, सोबत दुसरी बोट असेल तर बऱ्याच चुका खपून जातात. संगमावर ओहोटीचे पाणी बाहेर जात असताना समोरून वारा आला की तासाभरापूर्वीच्या आरशासारख्या पाण्यावर उभ्या लाटा येतात. तिथे तीच चूक महागात पडते. बोट कशाची आहे यावर माउंट ठरतो. तुम्ही एकटे जाता की जोडीने, चित्रीकरण आठवणीसाठी हवे आहे की स्वतःचे वल्हवणे सुधारण्यासाठी, यावर जागा ठरते. खाली जे लिहितो ते तुमच्याकडे असलेल्या बोटीसाठी आणि तुम्ही ज्या पाण्यात उतरणार आहात त्यासाठी आहे. वेगळ्या बोटींबद्दल शेवटाकडे थोडे सांगितले आहे.

माउंट विकत घेण्याआधी एक दिवस फक्त चाचणीला द्या. कॅमेरा घरी ठेवा. लाइफ जॅकेट घालून, सोबत कोणीतरी घेऊन, छातीभर पाण्यात मुद्दाम कयाक पालथी करा. ती सरळ करा आणि बाजूने वर चढा. सिट-ऑन-टॉपवर आपण बसायच्या जागेशेजारून पोटावर सरपटत चढतो, मग वळून बसतो. पाच-सहा वेळा करा, डावीकडून आणि उजवीकडून. बघणाऱ्याला सांगा की तुमचे हात, गुडघे आणि जॅकेटचे बक्कल बोटीवर कुठेकुठे घासतात ते लक्षात ठेव. तो सगळा पट्टा कॅमेऱ्यासाठी बंद. माझ्या हिशेबाने बसायच्या जागेच्या मध्यापासून पुढेमागे किमान एकेक हात, दोन्ही बाजूंना, काहीही उंच वर आलेले नको.

हे मी एका प्रसंगातून शिकलो. तिसऱ्या हंगामात एका पाहुण्याच्या कयाकला मी बसायच्या जागेशेजारी, बाजूच्या कठड्यावर कॅमेरा लावला होता. वल्हवणारे हात आणि चेहरा एकाच चौकटीत यावेत, हा हेतू. खाडीच्या मधोमध तो कलंडला. पाणी संथ होते, तो पोहणाराही होता. वर चढताना त्याच्या जॅकेटचा पट्टा माउंटच्या दांडीत अडकला, आणि तो अर्धा बोटीवर, अर्धा पाण्यात लटकत राहिला. त्याला ना वर जाता येईना ना खाली. मी शेजारीच होतो, पट्टा सोडवायला पंधरा सेकंद लागले असतील. त्याला काही झाले नाही. पण त्याचा भेदरलेला चेहरा त्याच कॅमेऱ्यात चित्रित झाला आणि तो मला आजही आठवतो. मी शेजारी नसतो तर, हा विचार त्यानंतर प्रत्येक माउंट लावताना मनात येतो.

आता चिकटण्याबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. सक्शन कपाला धरून ठेवते ती बाहेरची हवा. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या कपाचे क्षेत्रफळ साधारण 44 चौरस सेंटिमीटर भरते आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. आतली सगळी हवा काढता आली तर असा कप चाळीस-बेचाळीस किलोची ओढ सहज सोसेल. मग दीडशे ग्रॅमचा कॅमेरा का पडतो? तुमच्या कयाकवरून नख ओढून बघा, खरखर लागेल. साच्यातून आलेला तो बारीक पोत म्हणजे कपाच्या कडेखालून आत जाणारे असंख्य सूक्ष्म रस्ते. हवा त्यातून हळूहळू आत शिरते. म्हणून कप लावल्याबरोबर सुटत नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी सुटतो. किनाऱ्यावर ओढून पाहिला तेव्हा तर घट्ट होता, असे प्रत्येक जण सांगतो. त्यात उन्हाने डेक, म्हणजे बोटीचा वरचा भाग, तापतो, प्लास्टिक किंचित लवते, कपात उरलेली हवा फुगते, आणि मग एखाद्या लाटेचा थंड फटका पुरतो.

चिकटपट्टीचे कारण वेगळे आहे. तुमची कयाक पॉलिथिलीनची आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी ज्या प्लास्टिकची असते आणि ज्या पद्धतीने साचा गरम करून फिरवत बनवतात, तशीच. टाकीला चीर पडल्यावर वरून लावलेला लेप काही दिवसांनी पापुद्र्यासारखा सुटून येतो, हे कुणीही प्लंबर सांगेल. या प्लास्टिकवर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन राहतो. गोंदाचेही तसेच होते: तो पृष्ठभागाला भिडतच नाही. म्हणून टाकीची दुरुस्ती करणारे तिला चिकटवत नाहीत, तापवून वितळवून जोडतात. काही कारागीर चिकटवण्याआधी पृष्ठभागावरून ज्योत झरकन फिरवतात, त्याने पकड सुधारते हे खरे. पण हाताचा अंदाज चुकला तर डेक पोळतो. नव्या बोटीवर तो प्रयोग करायला मी सांगणार नाही.

फायबरग्लासची बोट असती तर माझे उत्तर बदलले असते. तिचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत असतो. तिथे चांगल्या प्रतीची दुतर्फा फोमची चिकटपट्टी उत्तम बसते, मात्र वेळ द्यावा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मेनिम्मे करून पुसायचे, वाळू द्यायचे, दाबून लावायचे आणि हात लावायचा नाही. अशा ॲक्रिलिक पट्ट्यांची निम्मी ताकद वीस मिनिटांत येते, नव्वद टक्के 24 तासांत आणि पूर्ण 72 तासांत. लोक सकाळी किनाऱ्यावर, ओल्या हाताने, घाईघाईत पट्टी लावतात आणि दहा मिनिटांनी पाण्यात उतरतात. मग दोष पट्टीला देतात.

पकड कशाचीही असो, दांडी आखूड ठेवा. ॲक्शन कॅमेऱ्याच्या खोक्यात येणारे छोटे सांधे एकाला एक जोडत उंची वाढवायचा मोह होतो. पाणी हवेच्या आठशेपटीहून अधिक घन असते. हातभर दांडीच्या टोकाला लाट आदळली की खालच्या पकडीवर येणारा पीळ कॅमेऱ्याच्या वजनाशी काही संबंध नसलेला असतो. शिवाय प्रत्येक सांधा म्हणजे लवायची आणखी एक जागा. डेकवर दोन सांध्यांपेक्षा जास्त नको. उंचीच हवी असेल तर तिची जागा वेगळी आहे, तिकडे येतो.

मग कॅमेरा लावायचा कशाला? आधी बोट निवांतपणे न्याहाळा. सिट-ऑन-टॉप कयाकवर कारखान्यातूनच आटे बसवलेले असतात: उचलायच्या मुठीचे स्क्रू, पाय टेकायच्या पट्ट्यांचे स्क्रू, दोऱ्यांच्या कड्यांचे स्क्रू, कधी पुढच्या, सामानाच्या कप्प्याच्या झाकणामागे नुसते रिकामे पितळी आटे. यांपैकी एक योग्य जागी सापडला तर तोच स्क्रू काढायचा, त्याखाली कॅमेऱ्याची पट्टी ठेवायची आणि थोडा लांब स्क्रू परत लावायचा. नवे भोक पाडावेच लागत नाही. खाडीतल्या आमच्या निम्म्याहून जास्त कयाकवर असेच केलेले आहे.

बसायच्या जागेमागे गळाची काठी खोचायला दोन तिरकी भोके असतील, तर तुमचे नशीब चांगले. गळ टाका न टाका, कॅमेऱ्याच्या उंच खांबासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. हार्डवेअरच्या दुकानातून त्या भोकात सैल न राहता बसेल अशी जाड पीव्हीसी नळी आणा. बसल्यावर ती तुमच्या डोक्याच्या थोडी वर जाईल एवढीच लांब ठेवा. वरच्या टोकाला बॉल जॉइंट लावा, म्हणजे तिरकेपणा जुळवून घेता येतो. नळीच्या खालच्या भागातून आरपार दोरी ओवून बोटीच्या कड्याला बांधा, नाहीतर पालथी झाल्यावर नळी नुसती खाली घसरून जाते. हा खांब तुमच्या चढायच्या पट्ट्याच्या मागे पडतो. तरी चाचणी परत करा, कारण माणसागणिक चढायची पद्धत वेगळी असते.

यांपैकी काहीच नसेल तर भोक पाडा. तुमची धास्ती मला समजते, माझीही पहिली बोट हप्त्यांवर घेतलेली होती. पण पाणरेषेच्या बऱ्याच वर, डेकवर, नीट बसवलेल्या पाच मिलिमीटरच्या बोल्टने सिट-ऑन-टॉप बुडत नाही. तिच्या पोटात तसेही वापरागणिक थोडे पाणी जाते, त्यासाठीच मागे बूच दिलेले असते. जिथे झाकणातून आत हात पोचतो तिथे स्टेनलेस बोल्ट, आतून मोठा वॉशर आणि नायलॉक नट लावा. जिथे हात पोचत नाही तिथे वेल नट वापरा: रबराची नळी आणि तिच्या आत पितळी आटे, बोल्ट आवळला की रबर आतून फुगून धरते. त्याला भोक मोठे लागते, नट आणल्यावर त्याच्या मापाने पाडा, आधी नको.

पाडताना डेकवर कागदी टेप लावून त्यावर खूण करा. ड्रिल अगदी हळू फिरवा. वेगाने फिरवले तर पॉलिथिलीन कापले जाण्याऐवजी वितळते आणि भोक वेडेवाकडे होते. सिलिकोनवर विसंबू नका, ते या प्लास्टिकला धरत नाही, आणि कारण वर सांगितलेच आहे. पट्टीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून ठेवा आणि बोल्टने तो दाबला जाऊ द्या. आमच्या बोटींवर ही ट्यूब चार-चार हंगाम टिकली आहे. समुद्राच्या पाण्यात जाणार असाल तर बोल्ट 316 प्रतीच्या स्टीलचे घ्या. साध्या 304 वर खाऱ्या पाण्याने तांबूस डाग येऊ लागतात. पहिल्या फेरीनंतर बूच काढून किती पाणी निघते ते मोजा. नेहमीपेक्षा जास्त निघाले तर बोल्ट थोडा आवळा.

दोरीबद्दल मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. माझा पहिला कॅमेरा संगमावर गेला तेव्हा त्याला दोरी होती. पण ती बांधली होती माउंटच्याच पट्टीला. पट्टी डेकवरून सुटली आणि कॅमेरा, दांडी, दोरी सगळे एकदम गेले. दोन दिवस ओहोटीच्या वेळी आम्ही वाळू चाळली, काही मिळाले नाही. तेव्हापासूनचा नियम: दोरीचे एक टोक कॅमेऱ्याच्या चौकटीला आणि दुसरे बोटीच्या वेगळ्या, मूळच्या कड्याला. माउंट आणि दोरी या दोन स्वतंत्र गोष्टी असाव्यात, एकीच्या चुकीने दुसरी जाता कामा नये.

ही दोरी आखूड हवी, कॅमेरा सुटला तर डेकवरच लोंबकळेल एवढी. लांब दोरी पाण्यात भोवऱ्यासारखी फिरते आणि पायाला, मनगटाला, वल्ह्याला गुंडाळते. कॅमेऱ्याकडे निरगाठ चालेल, बोटीकडे मात्र सुरगाठ मारा, ओल्या हाताने एका ओढीत सुटणारी. ही दोरी कधीही स्वतःच्या अंगाला किंवा जॅकेटला बांधू नका. जॅकेटवर छोटी चाकू असावी, ती या आणि इतर सगळ्याच दोऱ्यांसाठी.

तरंगवण्याचा हिशेब लोक उगाच मोठा करतात. आजचा नेहमीचा कॅमेरा दीडशे ग्रॅमच्या आसपास आणि त्याचे आकारमान सव्वाशे घनसेंटिमीटरच्या घरात. म्हणजे पाण्यात त्याचे उरलेले वजन तीस-चाळीस ग्रॅमच. कॅमेऱ्याच्या पाठीला लावायचे ते गब्दुल केशरी फोम त्याला पुरून उरतात, पण डेकवर ते लाटेला जास्त अंग देतात. माझे वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, होते. जाळ्याचा छोटा बोया किंवा जुन्या रबरी चपलेचा जाड तुकडा ते दोरीत ओवायचे, तसाच मी कॅमेऱ्याच्या दोरीत ओवतो. कॅमेरा, चौकट, स्क्रू, दोरी आणि बोया असे सगळे एकत्र घरी बादलीत टाकून बघा. बोया पाण्यावर राहिला तर झाले. बुडाला तर अजून एक तुकडा ओवा.

इथवरचे तुमच्यासाठी एकत्र करून सांगायचे तर: आधी पालथी-चाचणी, मग त्या पट्ट्याबाहेरची जागा, त्या जागी बोटीचा स्वतःचा स्क्रू सापडला तर तो, नाहीतर बोल्ट, आणि दोरी वेगळ्या कड्याला. सक्शन कप गाडीच्या काचेसाठी ठेवा, तिथे तो छान काम करतो.

आता दुसरी तक्रार, थेंब आणि सपाट पाणी. तुम्ही कॅमेरा पायाजवळ, पुढे तोंड करून लावला होता. या जागी तिन्ही गोष्टी विरुद्ध जातात. भिंग लाटेच्या समोर असल्यामुळे थेंब थेट त्यावर येतात. रुंद भिंगाला जवळचे मोठे आणि लांबचे फार लहान दिसते, त्यामुळे कयाकचे टोक अर्धी चौकट खाते आणि पलीकडचा किनारा रेघेएवढा होतो. आणि चौकटीत माणूसच नाही. माणूस नसेल तर बघणाऱ्याला पाण्याचे माप कळत नाही. कंबरभर लाटही मग सुरकुतीसारखी दिसते.

कॅमेरा उलटा फिरवा. पुढच्या झाकणाजवळ, बोटीच्या मध्यरेषेवर, तोंड तुमच्याकडे. आता लाटेकडे कॅमेऱ्याची पाठ आहे, भिंग आडोशाला. चौकटीत तुम्ही, तुमचे हात, वल्ह्याची पाती आणि मागे खाडी. कॅमेरा पाण्यापासून हातभराच्या उंचीवर असला की लाटा खऱ्या वाटतात, कारण त्या क्षितिजाला छेदून वर येतात. वल्हवणे सुधारायचे असेल तर याहून चांगली जागा नाही. पाते कुठे पाण्यात जाते, धड वळते की नुसते हात ओढतात, डावा-उजवा फटका सारखा आहे का, सगळे दिसते. माझ्या नवशिक्यांना मी शब्दांनी जे तीन दिवसांत समजावू शकत नाही ते पाच मिनिटांच्या अशा चित्रीकरणात त्यांचे त्यांना कळते.

जागा दाखवायची असेल, कांदळवनातून वळत जाणारी वाट, समोर उघडणारा संगम, तर मागचा उंच खांब. कॅमेरा तुमच्या खांद्यावरून पुढे बघतो, तुमची पाठ आणि पुढची अख्खी बोट दिसते आणि बघणारा तुमच्यासोबत चालू लागतो. या दोन जागा सोडून बाकीच्या मी हळूहळू बंद केल्या. वल्ह्याच्या दांडीवर लावलेल्या कॅमेऱ्याने एक मिनिटात पोटात ढवळते. छातीवरचा कॅमेरा हात छान दाखवतो, पण पोटावर सरपटत चढताना नेमका तोच आड येतो.

थेंब तरीही येणारच, पाती वर जाताना दांडीवरून ओघळतात. भिंगाच्या काचेवर मेण किंवा पाणी झटकणारा लेप लावला की थेंब गोळा होऊन टिकून बसतात, हे मी संथ पाण्यात वारंवार पाहिले. गाडीच्या काचेवर वेगवान वारा त्यांना ढकलून देतो, कयाकच्या वेगाला तेवढा वारा नसतो. आम्ही उलटे करतो. काच साबणाने स्वच्छ धुवायची, तेलकट बोट लावायचे नाही, उतरण्याआधी जिभेने ओली करायची आणि पाण्यात बुडवून काढायची. लाळेमुळे पाणी पातळ पडद्यासारखे पसरते आणि थेंब उठत नाही. पाणबुडे मुखवट्याला हेच करतात. वीस मिनिटांनी परत करावे लागते. मागच्या खांबापर्यंत हात पोचत नाही, म्हणून तिथे सोबतच्या बोटीला जवळ बोलवा, स्वतः वळून उभे राहू नका.

सेटिंगबद्दल फार लिहीत नाही, कॅमेऱ्यागणिक ते बदलते. क्षितिज सरळ ठेवायची सोय असेल तर चालू ठेवा. तेव्हा क्षितिज स्थिर राहते आणि कयाक त्यावर झुलते, त्यामुळे तुम्ही बोट कुठे कलवता तेही नीट दिसते. पाण्याची चमक आणि टोपीखालचा काळोखा चेहरा यांत कॅमेरा गोंधळतो, म्हणून सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी राहील अशी दिशा धरा. देवबागला सकाळी जमिनीकडून येणाऱ्या मतलय वाऱ्यात, साडेनवाच्या आत, पाणी शांत आणि उजेड तिरका असतो. अकरानंतर समुद्राकडचा वारा सुटला की दोन्ही गोष्टी जातात.

सतत चित्रीकरण करू नका. बॅटरी तास-दीड तासात संपते आणि एप्रिलच्या उन्हात, मंद वाऱ्यात, उच्च दर्जावर ठेवलेला कॅमेरा त्याआधीच तापून बंद पडतो. दोन-तीन मिनिटांचे तुकडे घ्या, किंवा दर पाच सेकंदांनी एक फोटो अशी सोय लावून विसरून जा. चांगले फोटो बहुतेक याच पद्धतीतून निघतात, कारण तेव्हा माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही. 2016 च्या हिरो फाइव्हपासूनचे गोप्रो वेगळ्या डब्याशिवाय 10 मीटर खोलीपर्यंत पाणी सोसतात, बाकी कंपन्यांचेही आता तसे आहेत. मात्र ते बॅटरीचे दार पूर्ण बंद असेल तरच. वाळूचा एक कण रबरी कडेवर राहिला की पुरे. म्हणून दार पाण्यावर किंवा पुळणीवर उघडूच नका. एसी गाडीतून थेट दमट हवेत आणलेला कॅमेरा धुरकट होतो, अर्धा तास आधी पिशवीतच बाहेर ठेवा. परतल्यावर कॅमेरा, स्क्रू, सांधे सगळे गोड्या पाण्यात दहा मिनिटे बुडवा. अंगठ्याने फिरवायचे स्क्रू मिठाने एका रात्रीत धरतात.

तुमच्या मित्राचा हवा भरायचा सप बोर्ड (उभे राहून वल्हवायची फळी) आहे असेही लिहिले आहे. त्याला ना सक्शन ना भोक. पीव्हीसीचे कडे किंवा माउंटचा पाया मिळतो, तो पीव्हीसीच्याच गोंदाने, हवा भरून, सावलीत चिकटवायचा आणि एक दिवस सोडायचा. जागा बोर्डच्या पुढच्या टोकाकडे, पडल्यावर तोंड आपटणार नाही इतकी लांब. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टमध्ये बसणार असाल तर काठीवरचा कॅमेरा हातात धरू नका. तिथे दोन्ही हात वल्ह्याला लागतात आणि सुटलेले वल्हे शेजाऱ्याच्या दातांवर येते. हेल्मेटवर लावायचा तर आधी गाइडला विचारा, आणि जोरात ओढल्यावर निघून येईल असाच लावा. पाण्याखालच्या फांदीत अडकलेला कॅमेरा मान धरून ठेवू शकतो.

आणखी एक विनंती. ओहोटीला खाडीत बायका कंबरभर पाण्यात तिसऱ्या-मुळे (शिंपल्या) काढत असतात. कॅमेरा बोटीला लावलेला असला की आपण कोणाचे चित्रण करतो आहोत हे आपल्याच लक्षात राहत नाही. त्यांच्या जवळून जाताना तो बंद करा, किंवा लांबूनच हाक मारून विचारा. बहुतेक जणी हसून हो म्हणतात, काही नाही म्हणतात. त्या आमच्या घरातल्या बायका आहेत, कामावर आहेत.

आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावर लाटांतून उतरायचे असेल तर लाटा फुटायच्या रेषेच्या बाहेरच, शांत पाण्यात थांबून कॅमेरा काढा आणि झाकणाच्या आत टाका. मागचा खांब असेल तर तोही उपसून डेकवर आडवा बांधा. फुटणारी लाट कयाक आडवी फिरवते आणि तुमच्यावर लोटते. त्या वेळी बोटीवर उभी असलेली प्रत्येक वस्तू तुमच्या बरगड्यांच्या दिशेने येत असते. उतरतानाचे चित्रीकरण हवेच असेल तर कोणाला तरी आधी किनाऱ्यावर पाठवा, तिथून ते कितीतरी चांगले येते.